पोळ्याचं तेल

गाडी समोर येऊन थांबली की मिस्त्री आधी चालवणाऱ्याच्या पायांकडे बघायचे. चपलेला शेतातली काळी माती लागली आहे, गिट्टीच्या क्रशरची पांढरी भुकटी लागली आहे की कोळसा, हे नीट बघून घ्यायचे. मग इंजिनाचं झाकण फिरवून काढायचे, त्याच्या खालच्या पट्टीवरचा तेलाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, नख उन्हाकडे तिरपं धरायचे आणि विचारायचे, "गाडी जाते कोठी?"

लोक वैतागायचे. "मिस्त्री, तेल बदलायचं हाय. सोयरीक नाही जमवायची."

"जमवायचीच हाय. तेलाची अन् इंजिनाची," असं म्हणून ते उत्तराची वाट बघत बसायचे. उत्तर मिळाल्याशिवाय हात डब्याकडे जायचा नाही.

कळंब-राळेगाव रस्त्यावर तांड्याच्या फाट्याला त्यांचं टिनाचं शेड होतं. तुमच्याही फाट्यावर असं शेड असेल आणि त्यात असा एखादा माणूस बसत असेल. मी माझ्या फाट्यावरच्या माणसाबद्दल सांगते आहे, आणि रागानं सांगते आहे, हे आधीच कबूल करते. त्यांच्याबद्दल मला दुसऱ्या सुरात लिहिता येत नाही.

एकदा कॉलेजात जाणारा एक पोट्टा आला. बापाची शंभर सीसीची गाडी, तेरा-चौदा वर्षं जुनी. उतरल्या उतरल्या म्हणाला, "काका, फुल सिंथेटिक टाका. मोबाईलवर पाह्यलं मी. साधं तेल म्हणजे कचरा."

"गाडी जाते कोठी?"

"कॉलेजात. जाऊन येऊन बारा किलोमीटर."

"मंग?"

"मंग काय? सिंथेटिक चांगलं असते ना."

"तूपबी चांगलं असते. टाकू काय इंजिनात?"

बाकावर बसलेले सगळे हसले. पोट्ट्याचं तोंड उतरलं. मिस्त्रींनी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि इंजिनाचं जुनं रबरी सील दाखवलं. म्हणाले, "हे पाह्य. तुह्या बापाएवढं थकलं हे. सिंथेटिक लय पातळ फिरते, ह्या सीलातून झिरपन. साधं टाक अन् येळेवर बदल. महाग तेल टाकून दोन वर्ष झाकण न उघडणारे लय पाह्यले म्या." पोट्टा साधं तेल टाकून घेऊन गेला. महाग डबा विकायची आयती संधी हातानं घालवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघत होते.

त्याच महिन्यात वणीकडच्या खाणीवर काम करणारा एक माणूस सुट्टीवर गावी आला होता. त्याचे पाय घोट्यापर्यंत काळे. गाडी नवी आणि मोठी. तो म्हणाला, "साधंच टाका मिस्त्री, कायले खर्च?" मिस्त्रींनी पायांकडे पाहिलं आणि न विचारताच सिंथेटिकचा डबा काढला.

"अहो, साधं म्हटलं मी."

"दिवसभर कोळशाच्या ट्रकायमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगते ना गाडी? वैशाखात?"

"रांगते."

"मंग साधं तेल दोन महिन्यांत ताकासारखं होईन. तुले हेच पायजे. दुसरं टाकायचं असन त दुसऱ्याकडं जा."

तो माणूस शिव्या देत बसला, पण तेल त्यानं तेच टाकलं.

माझं आणि त्यांचं भांडण इथूनच सुरू झालं. आमच्या घरात भाकरीच्या टोपल्यातसुद्धा पत्रक अंथरलेलं असायचं. अन्यायावर आधी चार ओळी लिहायच्या आणि मग जेवायचं, अशी आम्हाला सवय. कंपन्या गरीब गाडीवाल्यांच्या गळ्यात महाग तेल मारतात हे मी बघत होते. एका रविवारी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'सिंथेटिक तेल म्हणजे लूट'. बापाची जुनी गाडी घेऊन मी फाट्यावर गेले आणि मोठ्या अभिमानानं ते मिस्त्रींच्या हातात दिलं.

ओळीखाली बोट फिरवत त्यांनी ते सावकाश वाचलं. वाचून होईपर्यंत दोन गिऱ्हाईकं ताटकळली.

"हे खोटं हाय, माय."

"काय खोटं आहे?"

"मथळाच खोटा. तो वणीवाला हे वाचन, साधं तेल टाकन अन् त्याचं इंजिन बसन. मंग त्याले लुटलं कोनं? तूच ना?"

मी तावातावानं बोलायला लागले. कंपन्यांच्या जाहिराती, त्यांची कमिशनं, एजंटांच्या सहली, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कंपनीवर राग हाय ना तुले? मंग कंपनीवर लिह. तेलावर कायले काढते?"

मी पत्रकं तशीच परत नेली. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बापाच्या त्याच गाडीची साखळी निघाली आणि जावं लागलं. त्यांनी साखळी बसवली, मग पोत्यावर मांडलेल्या एका उघड्या इंजिनाजवळ मला बसवलं आणि क्लचच्या प्लेटा हातात दिल्या. भाकरीएवढ्या गोल, एकावर एक बसणाऱ्या.

"कारचा क्लच अलग असते, कोरडा. दोनचाकीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडून बसते. म्हणून कारच्या तेलात घसरण किती बी असली तरी चालते. तेच तेल दोनचाकीत टाकलं की ह्या प्लेटा एकमेकीले धरतच नाही. मंग इंजिन बोंबलते अन् गाडी जागची हालत नाही. साधं का सिंथेटिक, हा सवाल दुसरा. पह्यला सवाल, हे कोनासाठी बनवलं?"

हे मी तेव्हा नुसतं ऐकलं. पुढच्या वर्षी हा सवाल न विचारणं किती महागात पडणार आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

मिस्त्री तांड्यातलेच. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता सगळ्यांची शेती आहे आणि घरोघरी मोटारसायकल आहे. तांड्यात मिस्त्री गोरबोलीत बोलायचे आणि फाट्यावर आमच्याशी वऱ्हाडीत. त्यांची बायको वारली होती आणि एकुलती मुलगी पैनगंगेपलीकडे दिली होती. उरलं होतं ते टिनाचं शेड.

शेडखालची जागा नायकांची होती. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे तांड्याचा शब्द. वीस वर्षांपूर्वी नायक म्हणाले होते, "बस अठी," आणि मिस्त्री बसले होते. कागद नव्हता, भाडं नव्हतं. नायक ज्या दिवशी "ऊठ" म्हणतील त्या दिवशी उठावं लागेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. साठीला आलेल्या माणसाला दुसऱ्या कोणत्या फाट्यावर कोण जागा देणार?

पुढच्या वर्षी नायकांच्या पुतण्यानं कळंबला तेलाची एजन्सी घेतली होती. मुलगा वाईट नव्हता. गळ्यात दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलणं गोड. त्याच्या डोक्यातून कल्पना निघाली. तांड्यात आता बैलांच्या दोनच जोड्या उरल्या होत्या. मग पोळा कोणाचा करायचा? "गाड्यायचा पोया करू!" तो म्हणाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात. तसं पोळ्याला प्रत्येक गाडीचं तेल बदलून द्यायचं. फुकट, आणि तेही फुल सिंथेटिक. आणि हा मान तांड्याच्या मिस्त्रींचा.

खरं सांगते, कल्पना मलाही आवडली होती. मीही पोळा बघायला गेले होते.

आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. त्याखाली तांड्यातल्या आणि शेजारच्या गावातल्या तिसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या. हँडलला घुंगरं, सीटवर झुली, हेडलाइटवर कुंकवाचा टिळा. बायांनी गाड्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि एका आजीनं एका टायरवर पाणी घातलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. गाड्यांचं जुनं तेल सकाळीच काढून ठेवलं होतं. मिस्त्रींच्या खांद्यावर शेला, हातात नारळ. नायक खुर्चीवर. मधोमध पाटावर तेलाचा ड्रम, त्याला झेंडूचा हार.

मिस्त्रींनी नारळ ठेवला आणि नरसाळं हातात घेतलं. मग ते ड्रमाभोवती एक चक्कर फिरले. हार बाजूला करून वाकले. ड्रमावरची बारीक अक्षरं बोट फिरवत वाचू लागले. लोकांची चुळबुळ सुरू झाली.

"बाबू, हे कोनत्या गाडीचं हाय?" त्यांनी पुतण्याला हळूच विचारलं.

"काका, फुल सिंथेटिक हाय. सगळ्यात महाग."

"महाग हाय ते समजलं. कोनत्या गाडीचं?"

"वणीहून आनलं. मोठमोठ्या जीपायत टाकतात हे."

"मंग जीपायत टाक."

पुढच्या रांगेतले हसले. पुतण्याही हसला, पण मानेवर लाली चढली. "काका, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. पाहाच म्हंतो मी." मिस्त्रींनी नरसाळं ड्रमावर उलटं ठेवलं. "हे मी ओतनार नाही. चढाले एकबी गाडी चढनार नाही."

नायक खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, सनाचा दिवस हाय. तोरणाखाली नाही म्हणत नसते."

"नायक, तुमाले नाही म्हंत नाही मी. ड्रमाले म्हंतो."

आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. तोरणाखाली उभं राहून एकमेकांना टोमणे मारणारी चार ओळींची कवनं. ती शीघ्र सुचावी लागतात आणि ऐकणाऱ्यानं राग धरायचा नसतो. पुतण्याच्या मित्रांपैकी एकानं हात वर केला आणि खड्या आवाजात सुरू केलं:

"पोया रे पोया, गाड्यायचा पोया,
मिस्त्रीच्या पोटात उठला गोया!
फुकटचं तेल पाहून याले चढला ताप,
धंदा बुडते म्हणून करते हा संताप!"

"हर हर महादेव!" लोक गरजले. सगळीकडे हसू पसरलं. मिस्त्रींनी खांद्यावरचा शेला काढला, त्याची नीट घडी घातली आणि नायकांच्या गाडीच्या सीटवर ठेवली. मग ते चालत फाट्याकडे निघून गेले. त्यांच्या पाठीमागं पुतण्याची माणसं नरसाळं सरळ करून ओतायला लागली.

त्या झडतीचा मला अजून राग येतो. वीस वर्षं ज्या माणसानं महाग डबे विकायचं टाळलं, त्याच्या तोंडावर "धंदा बुडते" म्हणताना कोणाचीही जीभ अडखळली नाही. ज्यांच्या गाड्यांत त्यानं कधी नको ते तेल घातलं नाही, तेच टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी पहिली गाडी ढकलत आली. यवतमाळच्या वाटेवरच्या चढाला इंजिन ओरडत होतं आणि गाडी मुंगीसारखी चालत होती. मागं बसलेली बायको उतरून चालायला लागली आणि नवऱ्याच्या पुढं निघून गेली. दुसऱ्या दिवशी चार आल्या. मग रांग लागली. मिस्त्री प्रत्येक गाडीचं ते तेल काढायचे, प्लेटा धुऊन बसवायचे, जळाल्या असतील तर बदलायचे आणि ज्याचं त्याला तेल घालायचे. "म्या सांगतलं होतं" असं एकालाही म्हणाले नाहीत. मीच बाकावर बसून ते सगळ्यांना म्हणत होते.

"तू चूप बस, माय," ते मला म्हणाले. "मानूस गाडी ढकलत आला हाय. त्याले आनखी कायले ढकलते?"

आणि तरीही आठवड्याभरात तांड्यात कुजबुज सुरू झाली. पोळ्याच्या आधी सगळ्या गाड्या धुवायला मिस्त्रींकडेच आल्या होत्या ना? मग त्यानंच क्लचच्या तारा ढिल्या केल्या असतील. नाहीतर त्याला आधीच कसं कळलं की गाड्या चढणार नाहीत? "एवढं महाग तेल, ते खराब कसं असन?" हा सवाल मी पाच-सहा तोंडांतून ऐकला. महाग वस्तू चुकत नाही, मग माणूस चुकलेला असणार. हा हिशेब ते कोणत्या शाळेत शिकले, देव जाणे.

एका संध्याकाळी नायक स्वतः शेडवर आले. मी तिथंच होते. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी मला हिशेबात धरलंच नाही. गाडी बाहेर लावली, बाकावर बसले. मिस्त्रींनी चहा मागवला.

"उद्या बैठक हाय," नायक म्हणाले. "तू एक वाक्य बोल. 'प्लेटा जुन्या होत्या.' बस. पोराची एजन्सी नवी हाय, त्याची इज्जत राह्यते. तुलेबी कोनी नाव ठेवत नाही. अन् तू बस अठीच. तुले कोन उठवते?"

शेवटचं वाक्य त्यांनी शेडच्या खांबावर हात ठेवून उच्चारलं.

मिस्त्रींनी चहात फुंकर मारली. मग म्हणाले, "नायक, तुमची गाडी आता बाहेरून आली तवा म्या आवाज आयकला. तीबी घसरून राह्यली."

नायकांनी खांबावरचा हात काढून घेतला.

"तुमची प्लेट म्या पोयाच्या पंधरा दिवस आंदी बसवली. नवी कोरी. तशीच चालवली त आनखी घसरन. तेल काढून देऊ काय?"

"उद्या बैठकीले ये," नायक म्हणाले आणि उठले.

बैठक तांड्याच्या मंदिरासमोर भरली. शेजारच्या गावातल्या गाडीवाल्यांनाही बोलावलं होतं, म्हणून सगळे वऱ्हाडीत बोलत होते. मी कडेला बायांमध्ये बसले होते. परक्या माणसानं तिथं तोंड उघडायचं नसतं. पण नायकांच्या प्लेटेचं मला माहीत होतं आणि ते माझ्या ओठांवर होतं. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

पुतण्या उभा राहून म्हणाला की मिस्त्रींचं वय झालं, गाड्यांची हालत खराब होती, झालं ते झालं. कोणालाच दोष नको. तो अगदी गोड बोलला. मग सगळे मिस्त्रींकडे बघू लागले.

मिस्त्रींनी पिशवीतून एक जळकी प्लेट काढली आणि जमिनीवर ठेवली.

"प्लेटा जुन्या नव्हत्या," ते म्हणाले. "काही होत्या, काही नव्हत्या. एक त पंधरा दिवसांची होती. कोनाची ते मी सांगत नाही. ज्याची हाय त्याले मालूम हाय. त्यानं एवढ्यात उठून सांगतलं, त माह्यं खरं. नाही सांगतलं, त माह्यं खोटं समजा. मले चालते."

तुम्ही तिथं असता तर तुम्हीही माझ्यासारखेच नायकांकडे बघत राहिला असता. त्यांच्या एका वाक्यावर सगळं होतं. मिस्त्रींनी त्यांचं नाव घेतलं नाही, ते झाकून ठेवलं आणि त्यांना उभं राहायला पूर्ण मोकळी जागा दिली. नायकांनी उपरण्यानं चेहरा पुसला. तंबाखू मळली. ती तोंडात टाकली. कोणीतरी खोकलं.

"सोमवारपासून फाट्यावरची जागा रिकामी करा," नायक म्हणाले. "पोराले दुकान टाकाचं हाय."

त्या दिवशी मीही गप्प बसले. त्यांनी मान हलवली म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगते. तेवढं सांगून भागत नाही.

रविवारी त्यांनी टिन स्वतःच्या हातानं उतरवलं. मदतीला मी आणि वणीच्या खाणीवरचा तो माणूस, एवढेच. त्याला कुठून कळलं कोण जाणे, तो रजा टाकून आला होता. तांड्यातल्या गाड्या फाट्यावरून जाताना वेग वाढवायच्या. त्या मिस्त्रींनीच दुरुस्त केलेल्या होत्या, म्हणून वेग वाढतही होता.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. पुतण्याचं नाव, नायकांचं नाव, एजन्सीचं नाव, सगळं. सकाळी त्यांना वाचून दाखवलं.

"पोराचं नाव काढ," ते म्हणाले.

"का? त्यानंच केलं हे सगळं."

"ओतलं तवा त्याले मालूम नव्हतं. महाग म्हंजे चांगलं असं त्याले वाटलं. ह्यात गुन्हा नाही. मालूम झाल्यावर त्यानं काय केलं, ते लिह."

"आणि नायकांचं?"

"त्यायले बैठकीच्या आंदीच मालूम होतं," ते म्हणाले आणि नट-बोल्टचे पाने गोळा करायला लागले. ते 'काढ' म्हणाले नाहीत आणि 'ठेव'ही म्हणाले नाहीत. मी ते पत्रक छापलं नाही. आज वाटतं, छापायला हवं होतं.

राळेगावला बाजाराच्या मागं एका कडुनिंबाखाली ते बसू लागले. शेजारी चहाची टपरी होती. टपरी चालवणारी बाई त्यांना रात्री सामान आत ठेवू द्यायची. मी महिन्यातून दोन-तीनदा जायचे. पहिल्याच महिन्यात मला तिथं तांड्यातली एक गाडी दिसली. तोरणाखाली टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक. मला बघून तो म्हणाला, "तहसीलचं काम होतं, आलतो." त्याच्या गाडीचं तेल मिस्त्री बदलत होते.

मग असे बरेच दिसायला लागले. कोणी बियाणं घ्यायला आलेला, कोणी बँकेत आलेला, कोणी पाहुण्याला बघायला. सगळे एकेकटे यायचे. गाडी टपरीच्या आडोशाला लावायचे. दोघांची गाठ पडली तर दोघंही कडुनिंबाच्या फांद्या मोजत बसायचे. फाट्यावर हाकेच्या अंतरावर जे उघड मिळत होतं, ते वीस किलोमीटर जाऊन चोरून घ्यायला ते तयार होते. पण परत जाऊन "मिस्त्रींचं खरं होतं" एवढं बोलायला तयार नव्हते.

"यांना हाकलून द्या," मी चिडून म्हणाले.

"गाडीनं काय केलं?" मिस्त्री म्हणाले. "ती त आपल्या पायानं येत नाही."

"तुमच्या पोटात काहीच होत नाही का?"

ते पान्यावरचं वंगण पुसत राहिले. "होते ना. माह्या हातानं बांधलेलं टिन म्या उतरवलं, होते कसं नाही. पन पोटात होते म्हणून प्लेट वाकडी बसवू काय?"

त्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. नखावरचा थेंब त्यांना नीट दिसेनासा झाला. ते तो दोन बोटांत चोळून बघायचे, नाकाशी न्यायचे. मे महिन्यात मुलगी येऊन बघून गेली. उघड्यावर, झाडाखाली, त्या उन्हात, ह्या वयात. ती टपरीवाल्या बाईसमोर रडली. बापाला काही बोलली नाही. शेड असतं तर त्यांनी आणखी दहा वर्षं काम केलं असतं, असं मला वाटतं. कदाचित मी चुकत असेन. पण हे वाटणं जात नाही.

जुलैत एकदा मी गेले तर कडुनिंबाखाली पोतं नव्हतं. जमिनीवर तेलाचा काळा गोल तेवढा होता आणि त्याच्या भोवती तांड्यातल्या तीन गाड्या उभ्या होत्या. तिघंही मालक बाकावर बसलेले, तीन दिशांना तोंडं करून. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

"मिस्त्री?" मी टपरीवाल्या बाईला विचारलं.

"परवा लेक घेऊन गेली ना. सामान मले देऊन गेले. आता येनार नाही म्हने." मग तिनं त्या तिघांकडे हनुवटी केली आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "ह्यायले सकाळीच सांगतलं. तरी बसून हायेत. कोनाची वाट पाहून राह्यले म्हटलं, त म्हंतात, 'कोनाची नाही.'"

तेवढ्यात चौथी गाडी आली. नायक होते. त्यांनी गाडी थांबवली आणि आधी तो काळा गोल बघितला, मग बाकावरचे तिघं. तिघं ताडकन उभे राहिले. एकानं "राम राम, नायक" म्हटलं. चौघंही एकमेकांसमोर उभे राहिले आणि आपण इथं कशाला आलो हे चौघांनाही कळलं होतं. बोलायची याहून सोपी वेळ पुन्हा कधी येणार होती? ज्याच्यासमोर बोलायची लाज वाटत होती, तोही तिथं नव्हता.

मी नायकांसमोर जाऊन उभी राहिले. या वेळी मला मान हलवून थांबवणारं कोणी नव्हतं.

"नायक, ती पंधरा दिवसांची प्लेट कोणाच्या गाडीतली होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या तिघांकडे पाहिलं. तिघंही त्यांच्याकडे बघत होते. नायकांनी ओठ उघडले. उपरण्याचं टोक कपाळापर्यंत नेलं आणि कपाळ कोरडं असतानाही पुसलं.

"ऊन फार हाय," ते म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

आभाळ काळं भरून आलं होतं. टपरीवाली बाई छपरावर ताडपत्री ओढत होती.